हलत्या चित्राची लय

कोलकात्याच्या पूर्वेस पूर्वी खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण दलदल होती. डॉ. बिधानचंद्र रॉय हे बंगालचे मुख्यमंत्री असताना, १९६२ साली, त्या दलदलीत भर घालण्याच्या कामास आरंभ झाला. हुगळीच्या पात्रातील गाळ पाण्यात कालवून नळांवाटे तेथवर आणला गेला, आणि युगोस्लाव्हियाचे नगररचनाकार दोब्रिव्हॉय तोश्कोविच यांच्या आराखड्याप्रमाणे त्या नव्या भूमीवर एक आखीव नगर वसले. त्याचे अधिकृत नाव बिधाननगर. परंतु लोकांच्या तोंडी सॉल्ट लेक हेच नाव राहिले. या नगराच्या पाचव्या विभागात, म्हणजे सेक्टर फाइव्हमध्ये, पुढे संगणक-उद्योगाच्या कचेऱ्यांची दाटी झाली, आणि १३ फेब्रुवारी २०२० रोजी तेथून सॉल्ट लेक स्टेडियमपर्यंत मेट्रो रेल्वेचा नवा मार्ग सुरू झाला.

या मार्गावरील फलाटांच्या कडेला सरकती दारे आहेत. गाडी येऊन थांबली की गाडीचे दार आणि फलाटाचे दार जोडीने उघडते व जोडीने मिटते. हे दार किती वेळात मिटावे, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर दार क्षणार्धात मिटवणे काही कठीण नाही. पण तसे केले तर मागून येणाऱ्या वृद्धाला धक्का बसेल, एखाद्याची पिशवी अडकेल. उलट दार फारच रेंगाळत मिटू लागले, तर धावत येणाऱ्या प्रत्येकाला 'आपण आत शिरू' अशी आशा वाटेल, आणि गाडी खोळंबेल. तात्पर्य, दाराचा वेग ठरवताना मोजावयाचे असते ते माणसाला : त्याचा डोळा किती वेळात पाहतो, पाहिलेले मनाला किती वेळात उमगते, आणि उमगल्यावर पाऊल किती वेळात थबकते.

या फलाटावर उभ्या असलेल्या बहुतेक उतारूंच्या हातात मोबाइल असतो. त्याच्या काचेवरही अहोरात्र दारे उघडत आणि मिटत असतात. एक पान सरकून दुसरे येते, यादी बोटाबरोबर धावते आणि हळूहळू थांबते, पैसे पाठवताना एक वर्तुळ गरगरत राहते आणि शेवटी त्याच्या जागी बरोबरची खूण उमटते. या हालचालींना ॲनिमेशन म्हणतात. पाहणाऱ्याला ती निव्वळ सजावट वाटते. वस्तुतः त्यांच्या प्रत्येक क्षणाचा हिशेब कोणीतरी मांडलेला असतो, आणि त्या हिशेबाला दोन शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. वेधशाळा, प्रयोगशाळा, चित्रपटगृह आणि संगणकाचा कारखाना अशा चार घरी तो वाढला. आजच्या भाषणात त्याचीच थोडक्यात ओळख करून देण्याचा विचार आहे.

या इतिहासाची पहिली नोंद इंग्लंडातील ग्रीनिच येथील वेधशाळेत सापडते. तेथे नेव्हिल मॅस्केलिन हे राज-ज्योतिर्विद होते आणि डेव्हिड किनब्रुक नावाचा तरुण त्यांचा साहाय्यक होता. दुर्बिणीतील उभ्या तारेवरून आकाशातील तारा नेमका केव्हा सरकला, हे घड्याळाच्या टोल्यांकडे कान देऊन सांगावयाचे, अशी त्या काळची रीत होती. किनब्रुकची नोंद मॅस्केलिन यांच्या नोंदीपेक्षा सेकंदाच्या आठ दशांशांनी उशिराची येऊ लागली. ताकीद देऊनही फरक मिटेना, तेव्हा १७९६ साली त्याला कामावरून दूर करण्यात आले. पुढे काही वर्षांनी क्योनिग्जबर्ग येथील ज्योतिर्विद बेसेल यांच्या वाचनात ही हकीकत आली. त्यांनी स्वतःच्या आणि इतर नामांकित ज्योतिर्विदांच्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि निष्णात माणसांतही असाच फरक पडतो, क्वचित तो एका सेकंदाहूनही अधिक असतो, असे त्यांना आढळले. किनब्रुकचा अपराध काहीच नव्हता. पाहणे आणि पाहिल्याचे भान होणे यांत काळ जातो, आणि तो माणसागणिक निराळा असतो, एवढेच त्याच्या नोंदींनी सांगितले होते. ते समजण्यापूर्वीच त्या बिचाऱ्याची नोकरी गेली.

त्यानंतर १८५० साली हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूमधून संवेदना किती वेगाने धावते हे मोजले. विचार विजेसारखा धावतो असा जो समज होता तो खोटा ठरला. तो वेग सेकंदाला जेमतेम तीस मीटरच्या आसपास निघाला. १८६८ साली हॉलंडातील उट्रेक्ट येथे डाँडर्स यांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. नुसती खूण दिसताच हात हलवावयास किती वेळ लागतो, आणि दोन खुणांपैकी कोणती दिसली ते ओळखून हात हलवावयास किती अधिक लागतो, याची त्यांनी वजाबाकी केली. निर्णय घेण्याच्या क्रियेला प्रथमच काळाचे माप लागले. 'मनाचा वेग' हा वाक्प्रचार आपण अफाट वेगासाठी वापरतो. प्रयोगशाळेत मात्र मन हे बऱ्यापैकी सावकाश चालणारे गृहस्थ निघाले.

मन सावकाश चालते म्हणूनच हलत्या चित्राची किमया शक्य होते. बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यांनी १८३२ साली एका फिरत्या चकतीवर क्रमाने काढलेली चित्रे फटींतून दाखवून ती सजीव झाल्याचा भास निर्माण केला. या भासाचे नेमके माप १९१२ साली माक्स वेर्टहाइमर यांनी प्रसिद्ध केले. फ्रांकफुर्ट येथे त्यांनी दोन रेषा आळीपाळीने दाखवल्या. मधला अवकाश सेकंदाच्या पंचमांशाएवढा असला, तर एकामागून एक अशा दोन रेषा दिसत. तो अगदीच थोडा, सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास असला, तर दोन्ही एकाच वेळी दिसत. पण तो सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढा ठेवला की दोन रेषा नाहीशा होऊन एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसे. जी गती कोठेच नव्हती, ती पाहणाऱ्याच्या मनात उत्पन्न झाली होती. आणि ती उत्पन्न होणे वा न होणे केवळ क्षणाच्या मापावर अवलंबून होते.

योगायोग असा की, त्याच १९१२ साली मुंबईत आपले दादासाहेब फाळके काळाशी असाच खेळ मांडून बसले होते. लंडनहून कॅमेरा आणल्यानंतर चित्रपट काढण्यास भांडवल कोण देणार, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याचे थोडे थोडे चित्रण करीत महिनाभर चिकाटी धरली. ती चित्रे सलग दाखवताच बी फुटून, कोंब वर येऊन, बघता बघता त्याचे रोप झाले. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लहानशा चित्रपटाने भांडवल पुरवणाऱ्याचे मन वळले आणि 'राजा हरिश्चंद्र'चा मार्ग मोकळा झाला. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्यापेटीतील काड्यांनाही नाचावयास लावले. फाळक्यांनी जे केले त्याचे मर्म असे : महिन्याची वाढ त्यांनी काही क्षणांत बसवली, पण तिचा क्रम कोठे मोडला नाही. आधी कोंब, मग पान, मग वेल. काळ आखडला, तरी पाहणाऱ्याला 'हे कशातून झाले' हे कळत राहिले. आजच्या पडद्यावरील उत्तम ॲनिमेशनही नेमके हेच करते.

कोलकात्यातही वाटाण्यांनीच या कलेचा शुभारंभ केला, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. १९३४ साली न्यू थिएटर्स या संस्थेने गुणमय बॅनर्जी यांचा 'द पी ब्रदर्स', म्हणजे 'वाटाणे-बंधू', हा व्यंगचित्रपट प्रदर्शित केला. त्याच सुमारास पुण्यात प्रभात कंपनीने 'जंबूकाका' नावाच्या कोल्ह्याला पडद्यावर आणले. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा विभाग निघाला, आणि डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथे आपल्या तरुणांना ही विद्या शिकवली.

ती विद्या म्हणजे प्रामुख्याने काळाची विद्या होती. चित्रपटात सेकंदाला चोवीस चित्रे धावतात. बैलाने मान वळवल्याचे दृश्य तीन-चार चित्रांत संपवले, तर त्याला कोणी चाबूक मारला असे वाटते. तेच वीस-पंचवीस चित्रांवर पसरले, तर तो जड, निवांत, उन्हात रवंथ करीत असलेला बैल वाटतो. चित्रे तीच, वजन, स्वभाव आणि मनःस्थिती मात्र काळाने बदलते. दुसरा धडा असा की, जगातील कोणतीही वस्तू एकदम पूर्ण वेगाने निघत नाही आणि एकदम थबकत नाही. एस.टी.ची गाडी स्थानकातून निघताना हळू सरकते, मग वेग घेते आणि थांबा आला की पुन्हा मंदावते. चित्रातील वस्तूही तशीच हलली, तर डोळा तिच्यावर विश्वास ठेवतो. डिस्नेच्या चित्रशाळेतील दोन जुने जाणते कलावंत, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन, यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात हे सारे नियम सूत्ररूपाने मांडले.

चित्रपटाचा प्रेक्षक मात्र नुसता पाहत असतो. तो पडद्याला काही करावयास सांगत नाही. जेथे माणूस कृती करतो आणि वस्तू उत्तर देते, तेथे काळाला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. तो अर्थ बेल्जियमच्या लूव्हाँ विद्यापीठातील आल्बेर मिशॉत यांनी १९४६ साली आपल्या ग्रंथात उलगडून दाखवला. त्यांच्या प्रयोगात एक चौकोन सरकत येऊन दुसऱ्या चौकोनाला भिडे, आणि दुसरा चालू लागे. दुसरा लगेच हलला, तर पाहणारे एकमुखाने म्हणत, 'पहिल्याने दुसऱ्याला ढकलले.' मध्ये सेकंदाच्या पंचमांशाएवढा विलंब ठेवला की हे नाते तुटे. दोन चौकोन आपापल्या मर्जीने हलले, असे त्यांना दिसे. कार्यकारणभाव आपण तर्काने जाणतो, असे तत्त्वज्ञ सांगत आले होते. मिशॉत यांनी दाखवले की त्याचा पुष्कळसा भाग आपण डोळ्यांनीच पाहतो, आणि डोळा त्यासाठी फार थोडा वेळ थांबतो. पडद्यावरील कळीला बोट लावल्यावर ती उशिरा दबली, तर 'मी दाबली' ही जाणीवच उत्पन्न होत नाही. मग माणूस पुन्हा दाबतो, चिडतो, आणि चूक आपलीच असावी असे समजून ओशाळतो.

संगणक मात्र प्रारंभी माणसाची अशी काळजी घेण्याच्या स्थितीत नव्हते. १९५० नंतरच्या दशकात कोलकात्याजवळ बरानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत देशातील पहिला अंकीय संगणक विलायतेहून आला. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी बांधलेला 'टिफ्रॅक' चालू झाला. त्याला आलेख व अक्षरे दाखवणारा किरणनलिकेचा एक पडदाही जोडलेला होता. परंतु सर्वसाधारण रीत होती ती आपले गणित यंत्राच्या हवाली करून उत्तरासाठी थांबून राहण्याची. न्यायालयात अर्ज करून तारखेची वाट पाहावी, तसा तो प्रकार होता.

यंत्राशी समोरासमोर संभाषण होऊ लागले, तेव्हा उत्तराच्या वेळेचा प्रश्न ऐरणीवर आला. १९६८ साली आयबीएम कंपनीतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलर यांनी त्यावर एक निबंध लिहिला. माणसामाणसांच्या संभाषणात उत्तर दोन-चार सेकंदांत आले नाही तर आपण अस्वस्थ होतो. यंत्राशी बोलतानाही मन हीच अपेक्षा धरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी आणि याकोब नीलसन यांनी या विचाराला तीन सोप्या मर्यादांचे रूप दिले. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात उत्तर आले, तर ते आपल्या हातून घडले असे वाटते. एका सेकंदात आले, तर विलंब जाणवतो, पण विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांच्या पलीकडे गेले, तर मन दुसरीकडे भटकते. संगणक तेव्हापासून सहस्रपट वेगवान झाले. या तीन मर्यादा मात्र जागच्या हलल्या नाहीत, कारण त्या यंत्राच्या नाहीत, माणसाच्या आहेत.

हा भेद डोळ्यांपुढे आणावयाचा असेल, तर पुन्हा सॉल्ट लेककडे पाहावे. तेथेच अणुऊर्जा विभागाचे सायक्लोट्रॉन केंद्र आहे. १९७७ च्या जून महिन्यात तेथील यंत्रातून कणांचा पहिला झोत बाहेर पडला. त्या यंत्रात विद्युतभारित कण सेकंदाला लक्षावधी फेऱ्या घेतात. यंत्राच्या लेखी सेकंद म्हणजे युग होय. पण त्याच्या नियंत्रण-कक्षात बसणाऱ्या माणसाचा डोळा आणि हात ग्रीनिचच्या किनब्रुकच्या डोळ्याहून आणि हाताहून वेगळे नाहीत. या दोन काळांच्या मध्ये दुभाष्याचे काम कोणीतरी करावयास हवे, आणि पडद्यावरील हालचाल ते काम करते.

हा दुभाष्या कामाला लागला तो १९८० नंतर. १९८४ साली आलेल्या मॅकिन्टॉश संगणकात चित्रखुणेवर खटका दाबला की तिच्यातून एक चौकट मोठी होत जाऊन खिडकी उघडे. हे सारे निमिषमात्रात होई, पण खिडकी कोठून आली हे डोळ्याला सांगून जाई. १९८५ साली ब्रॅड मायर्स यांनी 'इतके काम झाले, इतके उरले' हे दाखवणाऱ्या पट्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशी पट्टी समोर असणे माणसांना पसंत पडते, असे त्यांना दिसले. १९९३ साली बे-वे चँग आणि डेव्हिड उंगर या दोघांनी व्यंगचित्रपटांचे नियम संगणकाच्या पडद्यावर जाणीवपूर्वक आणले : वस्तू नाहीशी होताना विरत जावी, सरकताना वेग घेत निघावी, थांबताना सावरत थांबावी. मुंबईच्या चित्रशाळेत वीक्स यांनी जे शिकवले होते, तेच आता संगणकाच्या खिडक्यांना शिकवले जात होते.

बोटाने चालणारे दूरध्वनी २००७ नंतर सर्वत्र पसरले, आणि हा विषय घरोघर पोचला. आता वस्तू आणि बोट यांत कळ अथवा तार उरली नाही. त्यामुळे यत्किंचितही विलंब बोटाला कळू लागला. २०१४ साली गूगल कंपनीने आपल्या रचनाकारांसाठी जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत पुढे हा हिशेब स्पष्ट दिसू लागला. दूरध्वनीवरील साधारण स्थित्यंतर सेकंदाचे तीन दशांश. पडद्यावर येणाऱ्या वस्तूस २२५ सहस्रांश सेकंद आणि जाणाऱ्या वस्तूस १९५. येणाऱ्याला जाणाऱ्यापेक्षा अधिक वेळ का, असा प्रश्न कोणी करील. याचे उत्तर आपल्या घरच्या रीतीतच आहे. पाहुणा येताना आपण त्याचे तोंड पाहतो, हातातले घेतो, बसावयास सांगतो. काम उरकून निघालेल्याला मात्र उंबऱ्यात फार वेळ अडवू नये.

आपल्या संगीतातील 'लय' हा शब्द या सर्व शास्त्राला नेमका लागू पडतो. विलंबित, मध्य आणि द्रुत अशा लयी आपण मानतो, पण यांपैकी अमुक एकच श्रेष्ठ असे कोणी जाणकार म्हणत नाही. बंदिशीला आणि प्रसंगाला शोभेल ती लय खरी. पडद्याचेही तसेच आहे. जी क्रिया माणूस दिवसातून शंभरदा करतो, ती द्रुत असावी. तिकीट-खिडकीवरील कारकुनाला प्रत्येक पानाची सुंदर घसरण पाहावयास लावणे म्हणजे त्याच्या आयुष्याचे तास हिरावून घेणे होय. जी क्रिया क्वचित आणि जोखमीची, ती थोड्या ठाय लयीत असावी. आणि तबलजीने समेवर थाप द्यावी तशी उत्तराची खूण अपेक्षित क्षणी यावी. ती चुकली की श्रोत्याला ताल समजत नसला तरी काहीतरी बिघडले एवढे कळतेच.

पण लय साधली म्हणून गाणे खरे ठरत नाही, आणि या इतिहासातील सर्वांत नाजूक भाग येथून सुरू होतो. ज्याला माणसाच्या क्षणाचे माप कळले, त्याला तो क्षण फसवण्याची हातोटीही कळते. २००७ साली ख्रिस हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, प्रगतीची पट्टी शेवटी शेवटी वेग घेत गेली तर तितकाच वेळ लोकांना कमी वाटतो. आणि शेवटाजवळ अडखळली तर अधिक वाटतो. २०१० साली त्यांनी पट्टीच्या अंगावर उलट दिशेने धावणाऱ्या रेघा रंगवून पाहिल्या, तेव्हा वाट पाहण्याचा जाणवणारा काळ सुमारे ११ टक्क्यांनी घटला. प्रत्यक्ष काळ तेवढाच राहिला होता. २०११ साली रायन ब्यूएल आणि मायकेल नॉर्टन यांनी आणखी एक चमत्कारिक गोष्ट नोंदली. प्रवासाची तिकिटे शोधून देणारी व्यवस्था 'आता अमुक कंपनीची तिकिटे पाहत आहे, आता तमुक' असे आपले श्रम दाखवू लागली, की तत्काळ उत्तरापेक्षा विलंबाचे उत्तर लोकांना पुष्कळदा अधिक मोलाचे वाटते. येथवर ठीक. पण श्रम नसताना श्रमाचा देखावा केला, तर त्याला काय म्हणावे?

आपल्या देशात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत यूपीआय ही पैसे पाठवण्याची पद्धत जाहीर झाली, आणि काही वर्षांतच ती गावोगावच्या भाजीवाल्यापर्यंत पोचली. सेक्टर फाइव्हच्या पदपथावर झालमुडी विकणाऱ्यापासून नागपूरच्या संत्रीवाल्यापर्यंत सर्वांचा व्यवहार आज त्या गरगरणाऱ्या वर्तुळावर आणि त्यानंतर उमटणाऱ्या बरोबरच्या खुणेवर चालतो. ते वर्तुळ मुकाट्याने फिरत राहिले, तर देणारा घाबरतो. पैसे गेले की नाहीत? पुन्हा पाठवावेत काय? 'तुमची विनंती बँकेकडे गेली आहे, उत्तर यावयाचे आहे, पुन्हा पाठवू नका' एवढे पडद्याने वेळीच सांगितले, तर एका गरीब माणसाचे दोनदा पैसे देणे टळते. उलट, बँकेचे उत्तर येण्यापूर्वीच आतुरतेने खूण उमटवली, तर ती खूण म्हणजे खोटी साक्ष होय.

आणि खोटी साक्ष देणारे निघालेही. पैसे दिल्याचे हलते चित्र हुबेहूब दाखवणारी बनावट ॲप वापरून दुकानदारांना फसवल्याच्या तक्रारी देशात ठिकठिकाणी नोंदल्या गेल्या आहेत. तेच वर्तुळ, तीच खूण, तोच क्षण. फक्त पाठीमागे पैसा नाही. म्हणूनच आज दुकानदार गिऱ्हाइकाच्या पडद्याकडे पाहत नाही. तो आपल्या गल्ल्याजवळ ठेवलेल्या लहान ध्वनियंत्राकडे कान लावतो आणि रक्कम त्याच्या भाषेत ऐकू आली तरच माल हाती देतो. दोन शतकांच्या अभ्यासाने घडवलेले ते सुबक चित्र, आणि साध्या दुकानदाराने त्याच्याऐवजी आवाजावर ठेवलेला विश्वास, ही जोडी विचार करावयास लावणारी आहे. हालचाल सुंदर असून भागत नाही. तिच्यामागे खरे काम घडलेले असावे लागते.

दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. सर्वांचे डोळे आणि सर्वांचा तोल सारखा नसतो. २०१३ साली ॲपल कंपनीच्या दूरध्वनीत नवी रचना आली. तिच्यातील झेपावणाऱ्या आणि मागेपुढे सरकणाऱ्या चित्रांनी काही लोकांना घेरी आणि मळमळ होऊ लागली. थोड्याच दिवसांत हालचाल कमी करण्याची सोय अधिक व्यापक करावी लागली. २०१८ साली संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष सुधारून प्रसिद्ध झाले, त्यांत अशी अनावश्यक हालचाल बंद करता यावी, ही अपेक्षा अंतर्भूत झाली. वृद्धांची अडचण याच जातीची, पण उलट दिशेची आहे. तरुण रचनाकाराला जो तृतीयांश सेकंद ऐसपैस वाटतो, तो सत्तरीच्या आजीबाईंना अपुरा पडू शकतो. पान बदलले हे त्यांच्या ध्यानी येईपर्यंत सूचना येऊन निघूनही गेलेली असते. मग नातू म्हणतो, 'आजी, तुला जमत नाही.' वस्तुतः जमत नाही ते पडद्याला. किनब्रुकला नोकरीवरून काढणाऱ्यांनी जी चूक केली, तीच चूक आपण घरोघरी करीत असतो : माणसाच्या क्षणात जो स्वाभाविक फरक आहे, त्याला आपण त्याचा दोष समजतो.

या इतिहासाकडे एकत्र पाहिले म्हणजे त्यातून एक साधी गोष्ट हाती लागते. पडद्यावरील हालचाल ही यंत्राने माणसाला दिलेली पोच आहे. पत्र मिळाल्याची पोच जशी वेळेवर यावी, खरी असावी आणि वाचता येईल अशा अक्षरात असावी, तशीच ही पोचही असावयास हवी. वेळेवर असावी, म्हणजे कार्यकारणाचे नाते तुटत नाही. खरी असावी, म्हणजे विश्वास तुटत नाही. आणि वाचणाऱ्याच्या बेताची असावी, म्हणजे कोणी मागे पडत नाही. पहिल्या गोष्टीचे शास्त्र बरेच पूर्णत्वास गेले आहे. दुसरी आणि तिसरी या मात्र मोजमापाने सुटणाऱ्या नाहीत. त्या रचना करणाऱ्याच्या सचोटीवर आणि सहानुभूतीवर अवलंबून आहेत. सेक्टर फाइव्हमधील एखाद्या कचेरीत, अथवा पुण्याच्या हिंजवडीत, कोणी तरुण किंवा तरुणी आज एखाद्या खुणेसाठी २०० लिहावे की ३०० असा विचार करीत असेल. आकडा लहान आहे. पण तो कोट्यवधी लोकांच्या दिवसातून अनेकदा जाणार आहे. तो लिहिताना त्यांनी आपल्या वेगवान यंत्राबरोबरच आपल्या आजीकडेही एकदा पाहावे, एवढीच अपेक्षा.